पन्नास मीटर काही जवळ नसतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी नागपूरचा, वय ४३, बँकेत नोकरी. तीन वर्षांपासून क्लबमध्ये एअर रायफल चालवतो. ६० गोळ्यांत ५७५ ते ५८० गुण येतात. आता पॉइंट टू-टू (.२२ बोअरची) रायफल घ्यायची आहे. परदेशातले लोक या रायफलीनं २०० मीटरवरच्या लोखंडी पाट्या वाजवताना पाहिले आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. काटोलजवळ काकांचं संत्र्याचं वावर आहे, तिथे लांब पल्ल्याचा सराव करता येईल. समोर दोन रायफली आहेत. एक ज्येष्ठ नेमबाज आपली पंचवीसेक वर्षं जुनी आन्शुट्झ मॅच रायफल विकत आहेत. दुसरी देशी बनावटीची, नवी, हलकी स्पोर्टर. तिच्यावर दुर्बीण बसवता येते. अलीकडे चष्म्याचा नंबर बदलला आहे, त्यामुळे मन दुर्बिणीकडे झुकतं. पत्नीचं म्हणणं, मुलगी बारावीत आहे, आधी तिच्या पुढच्या शिक्षणाचं बघा. दोघींपैकी जास्त अचूक कोणती तेवढं सांगा, म्हणजे पैसे एकदाच जातील.

उत्तर:

आधी वावराचं बोलते, कारण बाकी सगळ्याला सवड आहे. काटोलच्या बागेत गोळी चालवू नका. एकही नको, सुट्टीच्या दिवशी नको, काकांनी हो म्हटलं तरी नको.

पॉइंट टू-टूची गोळी २.६ ग्रॅमची असते. चिमटीत धरली तर चण्याएवढी दिसते, म्हणून तिचा धाक वाटत नाही. पण नळी जरा वर उचललेली असताना सुटली तर ती दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. शिशाची ही बोथट, संथ गोळी दगडावर, कडक मातीवर किंवा पाण्यावर तिरपी आपटली की उसळी घेऊन भलत्याच दिशेला निघते. संत्र्याची झाडं सहा-सहा मीटरवर लावलेली असतात. दोन ओळींमधून तुम्हाला पाटी दिसेल, पण तिसऱ्या ओळीत खाली बसून गवत काढणारी बाई दिसणार नाही. तुम्ही पाहिलेल्या त्या परदेशी चित्रफितींत पाट्यांच्या मागे टेकडी किंवा मातीचा उंच बांध असतो, आणि ती जागा त्याच कामासाठी राखलेली असते. आपल्याकडे नेमबाजीसाठी मिळालेला परवाना म्हणजे वाटेल तिथे गोळी झाडायची मुभा नाही. शिवाय आपण जंगलाच्या शेजारी राहणारी माणसं. वन्यजीव कायद्यानं अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि विनापरवानगी शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणं हा गुन्हा आहे. गाडीत रायफल ठेवून पेंच किंवा उमरेडच्या बाजूला सहज चक्कर मारायला गेलेल्या माणसाचं म्हणणं कोणी ऐकून घेत नाही. सराव रेंजवरच करायचा.

आता तुमच्या लांब पल्ल्याकडे येते. तो शब्द तुम्ही पत्रात सहा वेळा लिहिला आहे.

एअर रायफलचे दहा मीटर सोडून तुम्ही पन्नास मीटरवर जाणार आहात. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं, ते पन्नास मीटरवरच, याच काडतुसानं. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, तेही पन्नास मीटरवर पालथं पडून नेम धरून. या अंतरावरच्या लक्ष्याचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि गोळीचं भोकच साडेपाच मिलिमीटरच्या पुढे. प्रत्येक पुढचं वर्तुळ आठ मिलिमीटरनं बाहेर. ताशी पाच किलोमीटरचा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक, आडवी आली की गोळी साधारण तेवढीच सरकते. दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये वारा हा विषयच नसतो. तिथून आलेल्या माणसाला पन्नास मीटरवर पहिले सहा महिने वाटतं, रायफलच बिघडली आहे.

नेम पन्नास मीटरवर बसवून तीच रायफल शंभर मीटरवर चालवली तर गोळी वीतभर खाली लागते. दोनशेवर दीड मीटरच्या आसपास खाली, म्हणजे सहावी-सातवीतल्या पोराच्या उंचीएवढी. काडतुसाचा वेगही दर वेळी सारखा नसतो. दोन गोळ्यांत सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर पन्नास मीटरवर सहा-सात मिलिमीटरचं अंतर पडतं आणि दोनशेवर दहा सेंटिमीटरहून जास्त. ते लोक दोनशेवर पाटी वाजवतात, खरं आहे. पण पाटी केवढी होती, आणि ती वाजण्याआधी किती गोळ्या मातीत गेल्या, हे चित्रफितीत कळत नाही. तुम्हाला त्यातली मजा आवडली याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की वारा वाचायला पन्नास मीटरवर शिकता येतं, आणि तिथे चूक कागदावर मिलिमीटरमध्ये दिसते. ज्याचे पन्नासवर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, ५९० च्या वर गुण यायला लागले, त्यानं शंभरची रेंज कुठे मिळते का ते शोधावं.

आणि तुमचा मुख्य प्रश्न. जास्त अचूक कोणती?

एका डिसेंबरातली सकाळ सांगते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीची रायफल आम्ही टेबलावर वाळूच्या पिशव्यांत बसवली होती. समोर एकाच कंपनीच्या एकाच काडतुसाचे तीन डबे. नाव एक, किंमत एक, फक्त फ्लॅपवर छापलेला लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा नंबर, वेगळा. प्रत्येक डब्यातल्या दहा-दहा गोळ्या, आणि दर वेळी डबा बदलला की आधी दहा-बारा गोळ्या नुसत्याच, कारण या काडतुसाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं आणि नळीत आधीच्या लॉटचं वंगण असताना नव्याचा खरा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, मिळत नाही. बोटांना तो चिकट थर लागत होता. पहिल्या डब्याचा कागद आणला, दहा भोकं लिंबाएवढ्या जागेत पसरलेली. दुसऱ्याचा जरा बरा. तिसऱ्याच्या कागदात भोकं वेगळी मोजताच येईनात, मध्ये एक फाटकी खिडकी तेवढी झालेली. मुलीनं खिशातलं रुपयाचं नाणं काढून तिच्यावर ठेवलं, आणि सगळं झाकलं गेलं. रायफल तीच होती, ट्रिगर ओढणारं बोट तेच होतं. तोवर ती पोरगी दोन महिने रडवेली होऊन नवी रायफल मागत होती.

असं का होतं, ते समजून घ्या, कारण निवडीचं निम्मं उत्तर त्यात आहे. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते, त्यामुळे परदेशातले नेमबाज वापरलेल्या केसात, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यात, स्वतः मोजून दारू भरतात. पॉइंट टू-टूचा पेटता मसाला बुडाच्या घडी घातलेल्या कडेत आतून पसरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर बसते, म्हणून या जातीला रिमफायर म्हणतात. ती कड कारखान्यात एकदाच भरली जाते. मसाला कुठे जाड बसला, कुठे पातळ, यावर वेग ठरतो, आणि घरी त्यात काहीच दुरुस्ती करता येत नाही. तुमच्या हातात उरतं ते एवढंच: आपल्या नळीला मानवणारा लॉट शोधायचा आणि परवान्यात बसेल तेवढा घेऊन ठेवायचा. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या उत्तम मालालाही हे लागू आहे. माझ्या नळीला जे आवडतं ते तुमच्या नळीला आवडेलच असं नाही, एकाच मॉडेलच्या लागोपाठच्या नंबरांच्या रायफली असल्या तरी.

दुकानदार वेगवान काडतूस चांगलं म्हणून देऊ पाहतील. घेऊ नका. मॅचची गोळी साधारण सेकंदाला ३२५ मीटर वेगानं निघते, आवाजापेक्षा हळू. नागपुरात जानेवारीच्या पहाटे बारा अंशांवर आवाजाचा वेग ३३९ च्या आसपास असतो, मे अखेरच्या नवतप्यात ३५८ पर्यंत जातो. दोन्ही वेळा गोळी त्याच्या खालीच राहते. वेगवान काडतुसाची गोळी आवाजाच्या पुढे निघते आणि वाटेत कुठेतरी त्याच्या खाली उतरते. त्या उतरण्यात ती डगमगते, आणि लांब पल्ल्यावर ग्रुप विस्कटतो.

म्हणून दोघींतली अचूक कोणती, हे माझ्यासारखीनं घरी बसून सांगणं म्हणजे दोन मुलींचे फोटो पाहून लग्न ठरवणं. पण कुठली आधी बघावी, ते सांगू शकते. जुनी आन्शुट्झ. पंचवीस वर्षं हे वय तिच्या नळीला फार नाही. मऊ शिसं आणि कमी दाब, यामुळे या नळ्या हळू झिजतात. बिघडतात त्या बहुधा चुकीच्या सफाईनं आणि आपल्या पावसाळ्यातल्या गंजानं. जड नळी, हलका दोन टप्प्यांचा ट्रिगर, गालाची पट्टी आणि बट (खांद्याला टेकणारा भाग) पुढे-मागे, वर-खाली करता येणं, हे सगळं मॅच रायफलीत मुळातच असतं. हलकी स्पोर्टर हातात छान वाटते. साठ गोळ्यांच्या प्रोनमध्ये प्रत्येक श्वास आणि नाडीचा प्रत्येक ठोका तिच्या नळीच्या टोकावर दिसतो.

दुर्बिणीचं म्हणाल तर तिच्या मोहात पडण्याआधी एक लक्षात घ्या: पन्नास मीटरच्या ऑलिम्पिक प्रकारांत दुर्बीण चालत नाही, डायॉप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची साइट, लागते. तुम्ही एअर रायफलवर तीच वापरता. चाळिशीनंतर पुढची रिंग धूसर दिसू लागते, हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. बहुतेक वेळा दोष नंबरात नसतो, चष्म्याच्या फ्रेममध्ये असतो. रायफलीवर गाल टेकला की मान कलते आणि आपण काचेच्या नाकाकडच्या कडेतून बघतो. नेमबाजीच्या चष्म्यात काच फिरवून डोळ्यासमोर सरळ आणता येते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर टेपनं मोजून न्या आणि त्या अंतराला स्पष्ट दिसेल अशी काच मागा. बिचाऱ्यांना एरवी आपण भिंतीवरची अक्षरं वाचतो तेवढंच माहीत असतं.

जुनी रायफल बघायला जाल तेव्हा क्लबच्या कोचना बरोबर न्या. नळीचं तोंड उजेडात धरून भिंगातून बघा, तिथे बारीकसा जरी खड्डा असला तरी गोळी सुटताना एका बाजूला ढकलली जाते. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढे कार्बनचं कडक कडं बसलेलं असतं, ते निघण्यासारखं आहे का ते कोच सांगतील. वापरलेल्या केसाच्या कडेवरची फायरिंग पिनची खूण दर वेळी सारखी खोल आहे का, बघा. स्टॉकचे (रायफलीच्या दस्त्याचे) स्क्रू किती घट्ट करायचे हे टॉर्क रेंचनं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, ठरतं. मालकाला तो आकडा तोंडपाठ असेल तर रायफल चांगल्या हातात होती असं समजा. मग पालथे पडा, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावून तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. साइट डोळ्यासमोर आपोआप यायला हवी. मान ताणावी लागली तर स्टॉक हलवून बघा. हलवूनही जमत नसेल तर ती रायफल कितीही नावाजलेली असो, तुमची नाही. मी माझी पहिली रायफल नावावर भाळून घेतली होती. विकणाऱ्यानं बट आखूड करता येतं म्हणून सांगितलं, ते झालं नाही. दोन वर्षं मानेच्या दुखण्यात गेली आणि गुण जिथल्या तिथे. त्या दोन वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी पन्नास मीटरवर किमान तीन लॉटच्या दहा-दहा गोळ्या, पिशव्यांवर ठेवून. एका तरी लॉटचे दोन-तीन ग्रुप रुपयाच्या नाण्याखाली आले तर रायफल तुमच्यापेक्षा पुढे आहे, आणि पुढची काही वर्षं ती पुढेच राहील. या चाचणीला मालक नाही म्हणत असतील तर चहा घेऊन परत या.

पण यातलं काहीही करण्याआधी सहा महिने क्लबची रायफल चालवा. क्लबच्या परवान्यावरच्या पॉइंट टू-टू सभासदांना रेंजवर, कोचच्या देखरेखीखाली चालवता येतात. तुमचा एअर रायफलचा कोट, पँट, हातमोजा आहेच; स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) आणि चटई लागेल, ती कोणी महिनाभर सहज देईल. तोवर कागदपत्रांचं चक्र सुरू करा, त्याला वेळ लागतो. तुम्ही शहरात राहता, त्यामुळे अर्ज पोलीस आयुक्तांकडे; काटोलला राहत असता तर जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला असता. अर्जाचा नमुना ए-१, सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांसाठी मिळतो. त्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील तो आकडा असतो. अर्जातच खेळाडू म्हणून क्लबचं पत्र जोडा, नाहीतर संरक्षणासाठी परवाना घेणाऱ्यासारखा तुटपुंजा कोटा पदरात पडेल आणि सराव तिथेच अडेल. जुनी रायफल एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जायची तर विकणाऱ्यानं प्रशासनाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. तोंडी व्यवहार, आगाऊ पैसे, रायफल आधी घरी आणणं, यातलं काहीच करू नका, समोरचा माणूस कितीही जुना आणि भला असला तरी.

परदेशातून थेट नवी मागवायचा विचार कुणी डोक्यात भरवला तर तो काढून टाका. ती वाट राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण मिळवून ‘रिनाउंड शॉट’, म्हणजे नामांकित नेमबाज, हा दर्जा मिळालेल्यांसाठी आहे. तिथवर जायचं तर जिल्हा, राज्य आणि मावळंकर स्पर्धेतून जा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली, त्यांच्याच नावाची ही स्पर्धा. ४३ व्या वर्षी तिथे उभं राहणारे पुष्कळ असतात, या वयाला हा खेळ दार लावत नाही.

आता पत्नीचं म्हणणं. ते तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहून टाकलंत, मला मात्र ते तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत नेमकं वाटलं. पैसे एकदाच जातील, हे खरं नाही. आठवड्याला शंभर गोळ्या हा साधा सराव झाला. वर्षाला पाच हजार, म्हणजे पन्नासचे शंभर डबे. तुमच्या क्लबमध्ये आज डबा कितीला मिळतो तो आकडा घ्या, शंभरनं गुणा, आणि तो कागद दोघं मिळून समोर ठेवा. त्यात घरातल्या पोलादी कपाटाचा खर्च धरा, जिथे रायफल आणि काडतुसं वेगवेगळी कुलूपबंद राहतील. घरात बारावीतली मुलगी आणि तिच्या मैत्रिणी आहेत. हा आकडा पाहून कदाचित तुम्ही दोघं ठरवाल की बारावी, प्रवेश, पहिल्या वर्षाची फी हे उरकेपर्यंत क्लबचीच रायफल बरी. त्यानं तुमचं काही नुकसान नाही. त्या दीड वर्षात कुठला स्टॉक मानवतो, कुठलं वजन झेपतं, पन्नास मीटर खरंच आवडतं का, हे सगळं कळेल. आणि आकडा झेपणारा निघाला, दोघांचंही हो आलं, तर माझ्याकडून मनापासून शुभेच्छा. मग अपराधी वाटून घेऊ नका.

नवी स्पोर्टर घेऊच नये असं मी म्हणत नाही. ज्यांना स्पर्धेत उतरायचं नाही, महिन्यातून दोन रविवार रेंजवर शांतपणे घालवायचे आहेत, त्यांना ती पुरते. तिलाही लॉटची चाचणी मात्र लागते. पण तुमचे ५८० गुण सांगतात की तुम्ही रविवारचे नेमबाज नाही.

त्या ज्येष्ठ गृहस्थांना या आठवड्यात फोन करा. किंमत विचारू नका. गेल्या काही वर्षांत त्यांच्या नळीला कुठले लॉट चालले आणि त्या चाचण्यांचे कागद त्यांनी जपून ठेवले आहेत का, ते विचारा. मॅचचा नेमबाज असे कागद सहसा टाकत नाही, तारीख आणि लॉट नंबर लिहून फाइलला लावतो. ते कागद निघाले तर त्यांच्या घरी जा, एकेक उजेडात धरून बघा, आणि तेव्हा वारा कसा होता ते त्यांना विचारा. रायफल त्या दिवशी नाही पाहिली तरी चालेल.